न आलेली मुलं

प्रिय मित्रा,

परवा फोनवर तू सहज म्हणालास, "कोविडमध्ये तुम्हा मुलांच्या डॉक्टरांना तशी उसंत असेल ना? मुलांना कुठं फारसं काही होत होतं?" मी तेव्हा विषय बदलला. पण ते मनातून जाईना, म्हणून हे पत्र.

तुझं म्हणणं अर्धं खरं आहे. मुलांमध्ये तो आजार बहुतेक वेळा सौम्यच होता. मार्च २०२० नंतर माझी ओपीडी ओस पडली. बाकं लांब लांब सरकवली, कोपऱ्यातली खेळणी उचलून ठेवली, सकाळ लसीकरणाला आणि दुपार तापाच्या मुलांना अशी विभागणी केली. पगार वेळेवर देताना ओढाताण झाली, पण ते निभावलं. मला घोर लागला होता तो न आलेल्या मुलांचा.

एका मुलाबद्दल तुला सांगायलाच हवं. वय सात-आठ. आईचा फोन आला: उलट्या होतात, पोट दुखतं, गळून गेलाय. मी ओआरएस घोट घोट पाजायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी व्हिडिओवर पाहिलं तर अंधाऱ्या खोलीत पडून होता, चेहरा धड दिसेना. तिसऱ्या दिवशी उचलूनच आणला. डोळे खोल गेलेले, श्वास लांब आणि भराभर. अशा श्वासाला पिकल्या फळासारखा वास येतो, शिकताना आम्ही तो नाकानं ओळखायला शिकलो होतो. पण माझ्या तोंडावर एन-९५ आणि वर फेसशील्ड, मला कसलाच वास आला नाही. बोटातून रक्ताचा थेंब काढून साखर तपासली तेव्हा कळलं, मधुमेह होता आणि रक्तात आम्ल साचलं होतं. आई म्हणाली, "पंधरा दिवस सारखं पाणी मागतोय, रात्री अंथरूणही ओलं करतोय. पण दवाखान्यात यायचीच भीती वाटली."

मी फोनवर हे दोन प्रश्न विचारलेच नव्हते. मुलगा आयसीयूतून बरा होऊन घरी गेला, पण ती चूक माझी होती आणि ती मी विसरलेलो नाही. त्या काळात कितीतरी देशांत नव्यानं मधुमेह झालेली मुलं अशीच उशिरा, अत्यवस्थ होऊन पोचली. अपेंडिक्सचंही तेच, फुटल्यावर यायची.

फोननं काहीच साधलं नाही असं मात्र नाही. एकदा आठ महिन्यांच्या बाळाच्या आईला मी म्हटलं, झबलं वर करा, फोन पोटाजवळ धरा आणि पूर्ण एक मिनिट मोजा. आम्ही दोघांनी एकदमच मोजलं, ५८ भरले. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंतच्या बाळाचा श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त असला की तो वेगवान. मी तिला लगेच बोलावून घेतलं. न्यूमोनिया वेळेत सापडला. पण कॅमेरा दाखवतील तेवढंच दाखवतो रे. मुलाचे कपडे काढून तपासताना पाठीवरचा वळ दिसतो, तो मला व्हिडिओवर कोण दाखवणार?

एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनमधून इशारा आला की कोविडच्या संसर्गानंतर दोन ते सहा आठवड्यांनी काही मुलांना ताप, पुरळ, लाल डोळे, पोटदुखी असं होतं आणि हृदयावर सूज येते. आजार विरळा, पण त्यानंतर तिसऱ्या दिवशीही न उतरलेला ताप आला की मी आधी डोळे आणि जीभ बघायचो, मग पावलं गार आहेत का ते चाचपायचो. अजूनही चाचपतो. मोसमांचा हिशोबही बिघडला. बाळांच्या छातीत घरघर आणणारा आरएसव्ही हा विषाणू २०२० च्या थंडीत अनेक देशांत जवळपास दिसलाच नाही आणि २०२१ च्या उन्हाळ्यात भलत्याच वेळी उसळला.

सहा-सात महिन्यांचं बाळ परक्याचा चेहरा न्याहाळून ठरवतं, रडायचं की नाही. माझा अर्धा चेहरा झाकलेला. मग मी काचेच्या दारापलीकडून मास्क काढून आधी हसून दाखवायचो आणि मास्क लावून आत यायचो. दीड वर्षाची मुलं बोलत नसली की आई-बाप म्हणायचे, "घरात दुसरं कोणी नव्हतं ना, म्हणून." कधी खरोखर तेवढंच असायचं, कधी स्वमग्नता (ऑटिझम). हा फरक करणं तेव्हाइतकं अवघड मला कधीच गेलं नव्हतं.

आणि लसी. २०१९ मध्ये घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वाताच्या लसीचे तीन डोस जगातल्या ८६ टक्के बाळांना मिळाले होते, २०२१ मध्ये ते ८१ वर आलं. त्या एका वर्षात अडीच कोटी मुलांचा एक तरी डोस चुकला. गोवर थोपवायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांना लस लागते, म्हणून लसीकरणातली ही पाच टक्क्यांची घसरण मला फार टोचते. आमच्या सिस्टरनं जुनी रजिस्टरं काढून एकेका घरी फोन लावले. कोणी गाव सोडलेलं, कोणाचा नंबर बंद. कार्डावरची ती रिकामी चौकट दिसली की मी आजही थांबतो.

तुझ्या धाकटीचा जन्म त्याच वर्षीचा ना? तिचं लसीकरणाचं कार्ड शोध आणि दोन्ही बाजूंचा फोटो पाठव. बूस्टरची तारीख पडली आहे का, ते मला बघायचंय.

तुझाच मित्र