गोदावरीची माती कुठं जाते

प्रवरासंगम

चि. समीर यास अनेक आशीर्वाद.

परवा राजमहेंद्रीच्या पुलावरून फोन केलास. "बाबा, गोदावरीचा नुसता चहा झालाय" म्हणालास, आणि मग विचारलंस, एवढा गाळ जातो तर समुद्र बुजत कसा नाही? गाडीच्या खडखडाटात धड बोलता आलं नाही, म्हणून लिहितो.

समुद्राला टेकली की नदीची ओढ संपते. रेती मुखाशीच बसते. बारीक माती तरंगत पुढं जाते आणि किनाऱ्यापलीकडच्या उतारावर थरावर थर धरते. पण उतारावरचा ढीग कधीतरी घसरतोच. १९२९ साली न्यूफाउंडलंडजवळ भूकंपानं असाच ढीग सुटला आणि समुद्रतळावरच्या तारायंत्राच्या बारा केबली तुटल्या. काही त्याच क्षणी, बाकीच्या उताराच्या क्रमानं एकेक. कोणती किती वाजता गेली याची नोंद होती, त्यावरून पुढं शास्त्रज्ञांनी चिखलाच्या लोंढ्याचा वेग काढला! असे लोंढे माती पार खोल मैदानांवर नेऊन पसरतात. त्याहून दूर, भर महासागरात, हजार वर्षांत जेमतेम मिलिमीटरभर तांबडी माती साचते, तीही बरीचशी वाऱ्यानं आलेली धूळ. तेव्हा बुजायची घाई नाही.

मला मात्र वेगळ्याच गोष्टीची गंमत वाटते. २००६ साली गोदावरीच्या मुखापुढं, बाराशे मीटरहून खोल पाण्याखालून, जहाजानं गाळाची लांबलचक कांडी उपसली. तिच्यात अकरा हजार वर्षांचा गाळ होता. आपल्या दख्खनच्या काळ्या दगडाची माती आणि पूर्वेकडच्या जुन्या खडकांची माती तपासणीत वेगवेगळी ओळखू येते. अलीकडच्या तीन-चार हजार वर्षांत आपल्याकडची माती वाढत गेलेली दिसली. पाऊसमान घटलं होतं, झाडोरा विरळ झाला होता, आणि त्याच सुमारास जोर्वे-दायमाबादची माणसं आपल्या प्रवरेकाठी शेती करू लागली होती. म्हणजे बांध फुटायची तक्रार किती जुनी आहे बघ.

हल्ली मात्र नाथसागर वाटेतच गाळ अडवून बसतो. तू पाहिलास तो बहुतेक खालच्या नद्यांचा असावा.

वरच्या वावराचा बांध यंदाही गेला. नाल्यात उतरलेला पोयटा टोपल्यांनी परत आणतोय, तुझी आई हसते. दिवाळीला येशील तेव्हा दोन दिवस जास्तीचे काढ, दगड लावायचेत.

तुझा,
बाबा