केटल उघडून शिकवायचं पर्यावरण

गोथेनबर्ग, स्वीडन

प्रिय दादा,
सा. न.

पर्यावरणाच्या तासाला मुलं पेंगतात, तो विषय मेकॅनिकलच्या कामात कसा आणायचा, असं तू विचारलं होतंस. इथे माझ्या चाल्मर्स तंत्रज्ञान विद्यापीठात इंजिनिअरिंगच्या पदवीला त्याचे साडेसात क्रेडिट, म्हणजे पूर्णवेळ पाच आठवड्यांचं काम, सक्तीचं आहे. आपल्याकडे तंत्रशिक्षणाचे नियम ठरवणाऱ्या एआयसीटीईच्या 2018च्या नमुना अभ्यासक्रमात विषय सक्तीचा, पण बिनक्रेडिटचा. मग मुलंही त्याला तेवढीच किंमत देणार! ते तुझ्या हातात नाही, पण हे प्रॅक्टिकल आहे: केटल बनवण्यात जास्त कार्बन जातो की वापरण्यात, ते मोजायचं.

चौघांमागे एक चालू इलेक्ट्रिक केटल, भंगारातली एक बंद, प्लगमध्ये लावायचा युनिट-मीटर आणि एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा काटा. आधी तुलनेचं एकक ठरवून घे. मुलं ‘एक केटल’ लिहितात आणि तिथेच चुकतात. ‘रोज 3 लिटर पाणी, 4 वर्षं उकळणं’ असं हवं.

एक लिटर पाणी 25 अंशांवरून 100 वर न्यायला हिशेबाने 0.0875 युनिट लागतं. मीटर 0.1च्या आसपास दाखवेल. फरक भांडं तापण्यात आणि वाफेत जातो. झाकण घट्ट लाव, नाहीतर वाफ बायमेटलपर्यंत (तापल्यावर वाकून स्विच बंद करणाऱ्या धातूच्या पट्टीपर्यंत) पोचत नाही, केटल बंदच होत नाही आणि रीडिंग फुगतं.

मग बंद केटल खोलून स्टील, प्लास्टिक, तांबं वेगवेगळं तोलायचं. किलोभराच्या केटलच्या मालाचा कार्बन, म्हणजे तो माल बनवताना हवेत गेलेला कार्बन डायऑक्साइड, साधारण 5 किलो येतो. वापराचे वर्षाला 110 युनिट. आपल्या ग्रिडवर युनिटमागे 0.7 किलो धरला तर 77 किलो. चार वर्षांचे तीनशेच्या वर! म्हणजे भारतात हलकं प्लास्टिक शोधण्यापेक्षा कपभर चहाला लिटरभर पाणी उकळू न देणारी रचना जास्त कामाची. स्वीडनची वीज मुख्यतः पाण्याची आणि अणूची. युनिटमागे 40 ग्रॅम धरले तर वर्षाला साधारण साडेचार किलोच. इथे मालाचा वाटा एकदम डोळ्यांत भरतो. हे दोन्ही हिशेब शेजारी-शेजारी मांडायला लाव, माझ्या मते सगळं शिक्षण त्यातच आहे.

असे हिशेब करणारं ओपनएलसीए हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, पण पहिल्या खेपेला एक्सेलच बरं. सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमधले युरोपच्या विजेचे आकडे न बघता उचलले की उत्तर दिसायला नेटकं येतं, पण ते तुमच्या सांगलीचं नसतं. आणि 76.6500 किलो असं लिहिलेली वही परत दे. 0.7 हाच आकडा ढोबळ आहे.

तुमच्या मीटरची रीडिंग पाठव. वहिनीला नमस्कार.

तुझी धाकटी बहीण