दुसऱ्या छप्पन्नला

बाळा,

इंग्रजीतलं थँक यू कार्ड तुला मिळालंच आहे, दुकानातलं, आत आमच्या सगळ्यांच्या सह्या. पण मला म्हणायचं होतं त्यातलं काहीच त्यात मावलं नाही. माझं इंग्रजी ऑफिसात चालतं, असल्या कामाला चालत नाही, म्हणून मराठीत लिहितेय आणि माझा लेक तुला वाचून दाखवणार आहे. तो मधलं मधलं गाळणार हे मला माहितीय. गाळलं की त्याचे कान लाल होतात, तेवढं लक्ष ठेव.

आमच्या मराठी मंडळींसाठी आधी सांगते, हा पायाने खेळायचा फुटबॉल नाही, अमेरिकन. टेक्सासमध्ये हायस्कूलचा फुटबॉल म्हणजे काय हे इथं आल्याशिवाय कळत नाही. ॲलन गावाला २०१२ मध्ये स्टेडियम बांधलं, ६ कोटी डॉलर खर्च, १८ हजार माणूस बसतो, आणि ते शाळेचं आहे हो! आमच्या शाळेचं एवढं नाही, पण टीममध्ये शंभराच्या वर पोरं आणि जर्सीचे आकडे ९९ पर्यंतच. त्यात ऑफेन्सच्या, म्हणजे बॉल पुढे नेणाऱ्या बाजूच्या, लाईनीत उभी राहणारी जी दांडगी पोरं असतात त्यांना ५० ते ७९ मधलाच नंबर लागतो. मग काय, एकच नंबर दोघांना. फक्त दोघांनी एका वेळी मैदानात उतरायचं नाही. प्रोमध्ये टीमच ५३ जणांची, त्यांना ही भानगड नाही.

तर तू डिफेन्सचा, म्हणजे समोरच्यांना अडवणाऱ्या बाजूचा, ५६. लॉरेन्स टेलरचा नंबर म्हणून मागून घेतलेला. (डॅलसच्या जवळ राहायचं आणि डॅलसच्या टीमच्या वैऱ्याचा, न्यूयॉर्क जायंट्सवाल्याचा नंबर मिरवायचा, धन्य आहे तुझी! पण १९८६ ला तो एमव्हीपी, म्हणजे प्रोमधला त्या वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू, झाला आणि त्यानंतर आजपर्यंत एकाही डिफेन्सवाल्याला तो मान मिळाला नाही, हे तूच मला सांगितलंस, दोनदा.) आणि माझा लेक ऑफेन्सचा ५६, कारण सामानाच्या खोलीत त्याच्या मापाची तेवढीच जर्सी उरली होती.

पहिल्या मॅचला मी काय केलं ते तुला माहितीय, पण सगळ्यांना सांगते. हेल्मेट घातल्यावर सगळी सारखीच दिसतात. मला ५६ दिसला, पळाला, समोरच्याला धाडकन आडवा केला, मी उभी राहून घसा बसेपर्यंत ओरडले, सगळं शूट केलं आणि तिथूनच सांगलीला फॅमिली ग्रुपवर पाठवलं. सासूबाईंचा लगेच मेसेज, किती गं पळतो, दृष्ट काढ. घरी आल्यावर लेक म्हणाला, आई, मी पूर्ण मॅच बेंचवर होतो.

मला वाटलं हे ऐकून तुम्ही पोरं महिनाभर हसाल. हसलातही. पण सोमवारी तू पार्किंगमध्ये माझ्या गाडीपाशी आलास, कॅप काढलीस आणि विचारलंस, मॅम, तो व्हिडिओ मला पाठवाल का, माझ्या आईची शुक्रवारी नाईट ड्युटी असते, तिने अजून एकही मॅच बघितली नाही. तेव्हापासून मी दोन्ही छप्पन्न शूट करायला लागले. फोनची मेमरी दोनदा फुल झाली, ते असू दे.

आता खरं कारण. चौथ्या मॅचच्या आधी लाँग स्नॅपरचं मनगट दुखावलं आणि ते काम माझ्या लेकावर आलं. म्हणजे वाकायचं, दोन पायांतून मागे बघायचं आणि १५ यार्डांवर उभ्या असलेल्या पंटरच्या (बॉल लाथेने लांब उडवणाऱ्याच्या, त्यालाच पंट म्हणतात) हातात बॉल नेमका फेकायचा, तोही समोरून कोणीतरी अंगावर येत असताना. त्या आठवड्यात रोज संध्याकाळी तू आमच्या मागच्या गल्लीत पंटर बनून उभा राहिलास. शंभर स्नॅप झाल्याशिवाय घरी जायचं नाही. बुधवारी एक बॉल तुझ्या डोक्यावरून गेला तो थेट माझ्या तुळशीच्या कुंडीवर. लेकाने कुंडीचे तुकडे कचऱ्यात टाकायला उचलले, आणि तू खाली बसून मुळं मातीसकट ओंजळीत धरून विचारत होतास, याला पाणी आत्ता घालायचं की नंतर? तुळस काय असते ते तुला कोणी सांगितलेलंही नव्हतं. दुसऱ्या दिवशी नवी कुंडी दारात, खालच्या बशीसकट.

आणि मग नंबरचा घोळ. पंटच्या वेळी तूही मैदानात असायचास, मग दोन छप्पन्न एकदम कसे चालणार. एकाने बदलायचा. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की धाकटा बदलेल, आमच्या घरीही तेच ठरलं होतं, आणि त्याला काही वाटलंही नसतं. पण तू कोणाला न सांगता सामानाच्या खोलीत गेलास आणि ९२ घेऊन आलास. तुझं शेवटचं वर्ष. होमकमिंगला (जुने विद्यार्थी शाळेत परत येतात त्या सोहळ्याला) लावतात त्या ‘मम’च्या, त्या एवढ्या मोठ्या फुलाच्या खालच्या रिबिनीवर ५६ चिकटवून झालं होतं, तुमच्या अंगणातल्या पाटीवरही ५६. लेकाने विचारलं तर म्हणालास, तुला उलटं बघून नेम धरायचाय, मला फक्त पळून धडकायचंय, नवीन काही डोक्यात घालायचं तर ते मी घालतो.

आमच्यात कोणी फार भाव खायला लागला की म्हणतात, तुझ्यासारखे छप्पन्न पाहिलेत! (लेका, हे नीट समजावून सांग, तो शिवी समजेल.) बाळा, मी तर दोनच पाहिले. त्यातला एक माझ्या घरचा आणि तो रात्री ओला टॉवेल पलंगावर टाकतो.

सीनियर नाईटला, म्हणजे शेवटच्या वर्षाच्या पोरांचा मान करतात त्या मॅचला, तुझ्या पोस्टरवर ५६ आणि अंगावर ९२. स्टँडमध्ये माझ्या शेजारच्या बाई म्हणाल्या, छापताना चूक झाली वाटतं. मी त्यांना सगळी गोष्ट सांगत बसले आणि त्यात तुझा एक टॅकल शूट करायचा राहिला, त्याबद्दल सॉरी.

शनिवारी जेवायला ये, आईला सुट्टी असेल तर तिलाही आण. पुरणपोळी करतेय. मागच्या वेळी तू ती क्वेसाडिया (चीज भरलेली मेक्सिकन पोळी) समजून हॉट सॉस मागितलास, तर या वेळी सॉस टेबलावर ठेवते, पण निदान पहिली तरी तुपाबरोबर खा.

तुझ्या टीमच्या धाकट्या ५६ ची आई