सड्यावरचे वाचनालय हलवायचेच असेल तर...

मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मंत्रालय, मुंबई यांस

सप्रेम नमस्कार.

रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या पठारावर, भूसंपादनाविरुद्ध ठिय्या चालू आहे आणि त्या ठिय्यात एक वाचनालय आहे. ते हटवण्याच्या नोटिशीत त्याची नोंद ‘शेड व इतर साहित्य’ अशी केली आहे. नोटीस महसूल खात्याची असली तरी राज्यातली ग्रंथालये आपल्याकडे येतात, म्हणून पत्र आपल्याला. ठिय्या योग्य की अयोग्य, हा वाद इथे घालत नाही. इतर साहित्य डंपरमध्ये जाते, पुस्तके जाऊ नयेत, एवढेच मागणे आहे.

कातळात खड्डा खणता येत नाही, त्यामुळे इथला एकही खांब पुरलेला नाही. २०० लिटरच्या आठ पिंपांत सुरूचे वासे उभे करून भोवती खडी ठासली आहे. वर नारळाच्या झावळ्यांचे झापे, त्यांवर ताडपत्री आणि तिच्यावर मच्छीमारांचे टाकाऊ जाळे ताणून जांभ्या दगडाच्या चिऱ्यांना बांधले आहे. जाळे नसेल तर सड्यावरचा वारा ताडपत्रीच्या पोटात शिरून ती कड्यांपाशी फाडतो. म्हणून उतरवताना आधी पुस्तके, मग जाळे, शेवटी ताडपत्री. कोयता घेऊन आलेला माणूस नेमकी जाळ्यापासून सुरुवात करतो.

पुस्तके आंब्याच्या पेट्यांत आहेत, एकेका पेटीत पंचवीसेक. या पेट्यांचे लाकूड हलके आणि तळ नुसत्या खिळ्यांवर असतो. भरलेली पेटी एका कडेने उचलली की तळ सुटतो. दोघांनी तळाखाली हात घालून उचलावी आणि आत पेंढा घालू नये, त्यात ओल आणि किडे दोन्ही येतात. मासळीचे क्रेट वापरायचे असतील तर ते गोड्या पाण्याने दोनदा धुऊन उन्हात खडखडीत वाळवावेत. उरलेले मीठ हवेतली ओल ओढते आणि क्रेटला टेकलेली पुस्तके आधी बुरसटतात.

जप्तीचा माल ठेवायला बहुधा चिऱ्याच्या भिंतींचे गोदाम मिळेल. जांभा सच्छिद्र असतो, पावसाळ्यात पाणी वर खेचतो. पेट्या भिंतीपासून हातभर दूर आणि जमिनीपासून दीड फूट वर फळ्यांवर ठेवाव्यात. दमट पुस्तके प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधणे हा सर्वांत वाईट उपाय. भिजलेल्या पुस्तकाला ४८ तासांत बुरशी धरू शकते आणि गुळगुळीत कागदाची पाने एकदा चिकटली की सुटत नाहीत.

कथा-कादंबऱ्या नव्या आणता येतील. दाराजवळच्या दोन पेट्यांचे मात्र तसे नाही. त्यांत गटवार फायली आहेत: सातबारा, आठ-अ, जुने फेरफार, औद्योगिक विकास अधिनियम १९६१ च्या कलम ३२(२) खालच्या भूसंपादनापूर्वीच्या नोटिसा आणि त्यांवरच्या हरकतींच्या शिक्का मारलेल्या पोचा. कोकणात एका सातबाऱ्यावर वीस-वीस सामाईक नावे असतात. नोटीस गावातल्या एकाला मिळते आणि बाकीचे मुंबईत. कुणी कधी हरकत घेतली याचा खातेदाराच्या हातातला पुरावा म्हणजे ही पोच. ती हरवली तर सुनावणीत त्याचा फायदा कुणाला होतो, हे आम्ही सांगायला नको. या पेट्या जप्त न करता त्या-त्या खातेदाराच्या हाती सहीनिशी द्याव्यात.

हे भय उगाच नाही. न्यूयॉर्कच्या झुकोटी पार्कातल्या आंदोलकांचे वाचनालय पोलिसांनी १५ नोव्हेंबर २०११ च्या पहाटे हटवले. पुष्कळ पुस्तके परत मिळालीच नाहीत आणि मिळाली त्यांतली बरीच वाचण्याजोगी नव्हती. खटला झाला. २०१३ मध्ये शहराने तडजोडीत पुस्तकांपोटी ४७,००० डॉलर मोजले. १८२८ पासून सार्वजनिक वाचनालय असलेल्या रत्नागिरीने ही वाट धरू नये.

पंचनामा दाखलनोंदवहीतल्या क्रमांकाप्रमाणे व्हावा, ‘पुस्तके अंदाजे अमुक पोती’ असा नको. दाखलनोंदवहीतली संख्या आणि पेट्यांतली संख्या जुळणार नाही, कारण काही पुस्तके वाचकांच्या घरी आहेत. ती देवघेव वहीत सापडतील. दोन्ही वह्या टेबलावरच असतात आणि त्यांची एकेक छायाप्रत आम्ही बाहेर ठेवली आहे. मोजणीला जिल्हा ग्रंथालय अधिकारी हजर असावेत आणि पंचनाम्याची प्रत जागेवरच मिळावी.

चार माणसे असतील तर हे काम एका दिवसाचे आहे, पण दिवस कोरडा हवा. आगोट आली आहे, पावसाळा तोंडावर आहे. कारवाई करायचीच असेल तर सात दिवस आधी कळवा, पेट्या आम्ही भरून ठेवतो.

आपले,
सड्यावरच्या वाचनालयाचे स्वयंसेवक