मोरी पुन्हा बांधताना

मा. संपादक,
स. न.

पुरात रस्त्याखालची मोरी वाहून गेली की त्याच मापाचा ह्यूम पाइप (सिमेंट काँक्रीटचा गोल पाइप) आणून टाकायचा, वर मुरूम लोटायचा आणि रस्ता सुरू करायचा, ही घाई समजू शकते. वस्तीला दुसरी वाट नसते. पण पहिला पाइप का गेला हे न पाहता बसवलेला दुसराही त्याच वाटेने जातो.

कारणाच्या खुणा जागेवरच असतात. काठच्या झुडपांत अडकलेला पालापाचोळा पाणी कुठवर चढले ते दाखवतो. साफसफाईआधी ती उंची मोजून ठेवावी. वरच्या अंगाला ओंडके आणि गाळ साचला असेल, तर पाइप तुंबून पाणी रस्त्यावरून गेले असणार. खालच्या तोंडाशी डोह पडला असेल, तर पाण्याने मोरीच्या तोंडाच्या भिंतीचा पाया उकरला. आणि पाइप जागेवर, पण भोवतीचा भराव गायब असेल, तर कच्च्या दबाईतून पाणी पाइपाच्या बाहेरून वाट काढत गेले. या शेवटच्या दुखण्यावर मोठा पाइप हा इलाज नव्हे.

मापाबाबत एक गैरसमज फार पसरलेला आहे. ६०० मिमीचे दोन पाइप म्हणजे १२०० मिमीचा एक नव्हे; दोन्ही मिळून त्याच्या निम्मेच पाणी मावते. पाणलोट, म्हणजे ज्या भागाचे पाणी ओढ्यात येते तो भाग, १ चौरस किमी, पाऊस तासाला ६० मिमी आणि त्यातले निम्मे पाणी वाहून येते असे धरले, तर ओढ्याला सेकंदाला सुमारे ८ घनमीटर पाणी येते. पाण्याचा वेग सेकंदाला अडीच मीटर धरला, तर ३.३ चौरस मीटर मोकळी जागा हवी, म्हणजे १२०० मिमीचे तीन पाइप. त्यापेक्षा एकाच रुंद गाळ्याची स्लॅब मोरी (दोन भिंतींवर काँक्रीटचा स्लॅब टाकलेली) बरी. दोन पाइपांच्या मधल्या भागावर एक फांदी आडवी अडकली की बाकीचा कचरा तिथेच थांबतो.

पाइपच घालायचे असतील तर सुरुवात खालच्या अंगाकडून करावी, सॉकेटचे तोंड (पुढचा पाइप ज्यात बसतो ते रुंद टोक) प्रवाहाच्या वरच्या दिशेला ठेवावे. भराव १५० मिमीच्या थरांनी, दोन्ही बाजूंनी बरोबरीने चढवावा. पाइपाच्या बुडाजवळची बगल हाताने ठोकून भरावी लागते. रोलर तिथे पोचत नाही आणि नेमकी तीच जागा पोकळ राहते. माथ्यावर किमान ६०० मिमी भराव झाल्याशिवाय भरलेली गाडी जाऊ देऊ नये.

दोन्ही तोंडांशी कटऑफ भिंत (पाणी खालून पाया उकरू नये म्हणून जमिनीत उतरवलेली भिंत) पात्राच्या तळाखाली निदान मीटरभर किंवा खडक लागेपर्यंत न्यावी, खालच्या बाजूला मोठ्या दगडांचे पिचिंग, म्हणजे दगड रचून केलेले अस्तर, करावे. खर्च कापायची वेळ आली की पहिली कात्री याच दोन बाबींना लागते, म्हणून काम सुरू होण्याआधी गावकऱ्यांनी अंदाजपत्रकात त्या आहेत का ते पाहावे.

काम चालू असताना पर्यायी रस्ता सखल ठेवावा, पाणी त्यावरून जाऊ द्यावे. तो उंच केला तर बांध होतो, आणि फुटला की सगळा लोंढा ओल्या काँक्रीटवर येतो.

आपला,
एक वाचक