रेग्युलेटर बदलण्याआधी अर्थची वायर बघ

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. सहा महिन्यांत दुसरी बॅटरी गेली, दर आठवड्याला डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं, हेडलाइटचे बल्ब उडतात आणि लांब फेरी मारून आलं की बोनेटखालून सडक्या अंड्यासारखा वास येतो. हे वाचताना मला माझेच मागच्या वर्षीचे दिवस आठवले. शेवटी तू लिहिलंयस, 'आता नवा रेग्युलेटरच मागवतो.' तेवढ्यासाठी हे पत्र घाईने लिहितोय. अजून मागवू नकोस.

माझी 1962 ची गाडीही तुझ्यासारखीच डायनामोची, म्हणजे इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या जुन्या पद्धतीच्या जनरेटरची. कंट्रोल बॉक्स लुकासचा, आरबी106 जातीचा. एका काळ्या झाकणाखाली कटआउट (बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जाऊ न देणारा स्विच) आणि रेग्युलेटर (चार्जिंगचं व्होल्टेज आवरणारा) शेजारी शेजारी. एके संध्याकाळी घरी आल्यावर बॅटरीची झाकणं उघडली, तर मधल्या दोन सेलमधल्या प्लेटा कोरड्या, वर उघड्या पडलेल्या. बाकीच्या सेलमध्ये इंजिन बंद केल्यावरही बारीक बुडबुडे चाललेले. बॅटरीच्या ट्रेवर अ‍ॅसिडने रंग खाल्ला होता आणि टर्मिनलवर पांढरा-हिरवा भुगा. मला फार वाईट वाटलं. तो ट्रे मी स्वतःच्या हाताने घासून रंगवला होता.

मी आधी बॅटरी बदलली. मग कंट्रोल बॉक्स बदलला. नव्या बॉक्सवरही बॅटरी उकळायची थांबेना, तेव्हा कुठे व्होल्ट मोजायचा मीटर हातात घेतला. ते पहिल्या दिवशीच करायला हवं होतं.

तू असं कर. रात्रभर गाडी उभी राहू दे. सकाळी मीटरच्या तारा थेट बॅटरीच्या खुंट्यांवर लाव, वायरच्या क्लॅम्पवर नको. चांगली, भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते. सहा सेल, प्रत्येकी 2.1. 10.5 च्या जवळ दिसलं तर एक सेल मेला आहे. मग डायनामो बिचारा कधीच न भरणारी बॅटरी भरत बसतो आणि उरलेले पाच सेल त्यात उकळतात. तसं असेल तर दोष बॅटरीतच, पुढचं सगळं नंतर. बॅटरी ठीक असेल तर गाडी चालू कर आणि हळूहळू रेस दे. आकडा 14 ते साडेचौदाच्या दरम्यान येऊन थांबायला हवा. साधारण 14.4 च्या वर, म्हणजे सेलमागे 2.4 च्या वर, पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन जोरात सुरू होतं. म्हणून ही तपासणी उघड्यावर कर, जवळ ज्योत नको, हातातलं कडं-अंगठी काढून ठेव. माझ्या गाडीत आकडा 15.9 वर गेला आणि तिथेच बसला.

आता बॉक्समध्ये काय चालतं ते सांगतो, कारण ते कळल्यावरच मला माझी चूक दिसली. रेग्युलेटरमध्ये बारीक तारेची एक कॉइल असते. तिचं एक टोक 'डी' टर्मिनलकडे, जिथे डायनामोचा करंट येतो, आणि दुसरं 'ई' टर्मिनलवरून अर्थला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला. व्होल्टेज वाढलं की कॉइल वरची पट्टी खेचते, पॉइंट उघडतात आणि डायनामोच्या फील्डला (आतल्या चुंबकाच्या कॉइलला) जाणारा करंट एका रेझिस्टन्समधून जायला लागतो, म्हणून चार्जिंग उतरतं. उतरलं की स्प्रिंग पट्टी परत ढकलते. हे सेकंदाला कितीतरी वेळा होतं. झाकणाला बोट लावलं तर बारीक थरथर जाणवते. पण 'ई' ची वायर नीट अर्थ नसेल, तर कॉइलला पुरतं व्होल्टेज मिळतच नाही. ती आपली समजते की अजून कमी आहे, आणि डायनामोला भरू देते.

मी गाडी चालू ठेवून मीटरची एक तार 'ई' टर्मिनलवर आणि दुसरी बॅटरीच्या अर्थच्या खुंटीवर धरली. तिथे जवळजवळ शून्य यायला हवं. आलं दीड व्होल्ट! 15.9 मधून दीड वजा कर, 14.4 उरतात. रेग्युलेटर बिचारा त्याच्या हिशेबाने बरोबर काम करत होता. मग क्रोकोडाइल क्लिपची एक वायर 'ई' पासून थेट अर्थच्या खुंटीला लावली, आणि आकडा माझ्या डोळ्यांदेखत 14.3 वर उतरला. तो क्षण मी विसरणार नाही.

'ई' ची वायर बॉडीला जोडणारा स्क्रू काढून पाहिला. वायरच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कडीखाली) बॉडीला रंगाचा जाड थर, त्यावर गंजाची तपकिरी चकती. गाडी रंगवताना तो स्क्रू रंगावरच कसला गेला होता. पॉलिश पेपरने चकचकीत पत्रा येईपर्यंत घासलं, लग बदलला, वरून थोडं व्हॅसलीन लावलं. काम अर्ध्या तासाचं.

तुझ्याकडे अर्थ ठीक निघाला, तर इंजिन बंद करून बॉक्सवरची 'एफ' ची, म्हणजे फील्डला जाणारी, वायर काढ, तिचं टोक कुठे टेकणार नाही असं टेप लावून ठेव आणि परत चालू कर. आपल्या पद्धतीच्या डायनामोत आता चार्जिंग थांबायला हवं. तरीही चालूच राहिलं, तर 'एफ' आणि 'डी' च्या वायरी कुठेतरी एकमेकींना भिडल्या आहेत. हार्नेसमध्ये (वायरींच्या जुडग्यात), किंवा डायनामोच्या आतच. थांबलं, तर मात्र दोष बॉक्सचा, बहुधा पॉइंट चिकटलेले. अ‍ॅडजस्टमेंटच्या स्क्रूला लगेच हात लावू नकोस. ती बॅटरी जोडलेली असताना करायचीच नसते, आणि बॅटरी सोडून मोजलं की या बॉक्सवर 16 च्या आसपास आकडा येणं योग्यच असतं. ते पाहून घाबरून स्क्रू सोडणारे खूप भेटतात, आणि मग त्यांची बॅटरी भरतच नाही.

तुझ्या भावाच्या गाडीत डायनामोऐवजी अल्टरनेटर, म्हणजे नंतरच्या पद्धतीचा जनरेटर, आहे ना? त्यालाही सांग. ज्या गाड्यांत रेग्युलेटरला व्होल्टेज कळवणारी वायर इग्निशन स्विचवरून येते, तिथे जुन्या स्विचने अर्धा व्होल्ट खाल्ला की बॅटरीला अर्धा व्होल्ट जास्त मिळतो. पण चालू इंजिनात बॅटरीचा क्लॅम्प काढून 'चार्जिंग बघायचं' नाही, त्याने अल्टरनेटरमधले डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) जळतात.

ट्रेवर सांडलेल्या अ‍ॅसिडवर खायचा सोडा पाण्यात कालवून ओत, फेस थांबेपर्यंत. सेलमध्ये मात्र तो थेंबभरही जाऊ देऊ नकोस.

रविवारी मोजून मला तीन आकडे कळव: सकाळचा, रेस दिल्यावरचा, आणि 'ई' ते अर्थ. वाट बघतोय.

तुझा,
जुना सोबती