‘हे’ म्हणजे तुमचाच लेक

मेलबर्न,
१३ जुलै २०२५

ती. आईंना,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे पत्र तुम्ही एकट्यानेच वाचा. म्हणून अक्षर मोठं काढलंय आणि एक ओळ सोडून लिहितेय. रविवारी व्हिडिओ कॉलवर भाऊजी, जाऊबाई, मुलं सगळीच फोनसमोर असतात, तिथे हे बोलणं मला जमत नाही. तीन रविवार ठरवून बसले आणि तिन्ही वेळा तुमच्या गुडघ्यांचं विचारून फोन ठेवला.

आई, मी पुन्हा लग्न करायचं ठरवलं आहे.

थोडं थांबा, पाणी प्या, मग पुढचं वाचा.

त्यांना तुम्ही पाहिलंय. २०१७ साली तुम्ही इथे आला होतात तेव्हा कुंपणावरून पिशवीभर लिंबं देणारे ते ग्रीक शेजारी. तुम्ही त्या लिंबांचं लोणचं घातलंत आणि अर्धी बरणी त्यांच्याकडे पाठवलीत. त्यांची बायको तेव्हा होती. तुम्हाला तिची भाषा येत नव्हती, तिला तुमची, तरी दुपारभर अंगणात बसून तिच्या निळ्या शालीची वीण तुम्ही शिकून घेतली होती. ती २०२०च्या लॉकडाउनमध्ये कॅन्सरने गेली. अंत्यविधीला दहाच माणसांची परवानगी होती, त्यात आम्ही कुठले! गाडी निघाली तेव्हा हे आणि मी फाटकात हात जोडून उभे होतो. चाळिसाव्या दिवशी ते स्वतः त्यांच्याकडचा कोलिवा करून घेऊन आले. उकडलेले गहू, साखर, डाळिंबाचे दाणे, बदाम. गेलेल्या माणसाच्या नावाने वाटतात. ह्यांनी उभ्याउभ्या वाटी संपवली आणि म्हणाले, “आपल्या गव्हाच्या खिरीचा भाऊच आहे हा.”

पुढे दीड-दोन वर्षांत आपल्यावरच ती वेळ आली. मे २०२२. पंधरा दिवसांची रजा काढून तुम्हाला भेटायला आलेला माणूस तुमच्या हातचा गोळाभात जेवून आडवा झाला आणि उठला नाही. त्याच महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने ठराव केला होता, की नवरा गेला म्हणून बाईचं कुंकू पुसायचं नाही, बांगड्या फोडायच्या नाहीत, मंगळसूत्र तोडायचं नाही. बाकीच्या गावांनीही तसंच करावं असं सरकारचं परिपत्रकही निघालं होतं. तुम्ही ते पेपरात वाचलं होतं. बायका माझ्याभोवती गोळा झाल्या तेव्हा पोटचा पोरगा समोर निजवलेला, आणि तुम्ही भिंत धरून उठलात. “हात नका लावू तिला. माझ्या वेळी कोणी अडवलं नाही, आज मी अडवून राहिली.” अंबाझरी घाटावरून माणसं परत येईपर्यंत तुम्ही माझा हात सोडला नाहीत. पाकिटावर तुमच्या नावाआधी ‘गं. भा.’ लिहिणं मी त्या दिवसापासून बंद केलंय.

तेराव्यानंतरची गच्चीवरची रात्र तुम्हाला आठवत असेल. उन्हाने तापलेली फरशी पाणी ओतून गार केली होती, तरी खालून वाफ येत होती. तुम्ही उमरेडच्या त्या मास्तरांबद्दल सांगितलंत. तुम्ही छत्तीसच्या, दोन मुलं पदरात, आणि तुमच्या भावाने ते स्थळ आणलं होतं. खेड्यात विधवांचे पाट लागायचे, रात्री चार माणसांत का होईना. आपल्या घरात तेवढंही नव्हतं, असं तुम्ही म्हणालात. आणि मग, “पोरांसाठी नाही म्हटलं, असं मी सगळ्यांना सांगितलं. पण पोरांना कोणी विचारलंच नव्हतं.” एवढं बोलून तुम्ही कूस बदललीत. मला झोप लागली नाही. म्हणून हे पत्र आधी तुम्हाला. भाऊजींना नाही, माझ्या माहेरीही नाही.

ऑगस्टमध्ये मी इथे परतले ते थंडीच्या ऐन कडाक्यात. तीन महिने घर बंद. ह्यांनी कुंडीत जिवापाड जपलेला कढीपत्ता गेलाच असणार असं धरून चालले होते, मागच्या दारी जायचा धीर होईना. गेले तर कुंडी भिंतीच्या आडोशाला सरकवलेली आणि झाडाभोवती ती निळी शाल गुंडाळलेली. दव गोठायचं त्या रात्री ते येऊन गुंडाळायचे आणि सकाळी सोडायचे. हे मला पुढे कितीतरी दिवसांनी कळलं, तेही मी विचारलं म्हणून.

आई, मी सोय म्हणून लग्न करत नाहीये. पैशाची ददात नाही, एकटीने राहायची सवय झाली होती. पण संध्याकाळी त्यांच्या फाटकाची कडी वाजली की माझं लक्ष तिकडे जातं, चिरता चिरता भाजी तशीच राहते. छप्पन्नाव्या वर्षी असं काही होईल असं मला वाटलं नव्हतं. त्यांनी एकतीस वर्षं ट्राम चालवली, अजूनही पहाटे चारला उठतात, आणि मी जागी असले तर स्वयंपाकघरातला दिवा बघून चहाला येतात. पुष्कळदा आम्ही गेलेल्या दोघांबद्दलच बोलतो. तेव्हा कोणी आवाज खाली करत नाही.

एक अडचण मात्र तुम्हालाच कळेल. मी एवढी वर्षं ‘हे’ म्हणत आले. ‘हे आले’, ‘ह्यांना आवडत नाही’. त्यांच्याबद्दल मनातल्या मनातसुद्धा ‘हे’ येत नाही. इथल्या रीतीने मी त्यांना नावाने हाक मारते, आणि मराठीत बोलायचं झालं तर ‘ते’. ‘हे’ म्हणजे तुमचाच लेक. तो शब्द मी दुसरीकडे नेणार नाही.

लेकीला मार्चमध्ये सांगितलं. दोन आठवडे तिने फोन उचलला नाही. मग एका शनिवारी सिडनीहून आली, जेवली, आणि त्यांच्यासमोर बसून म्हणाली, “बाबा तुमच्याशी काय बोलायचे ते मला सांगा.” रात्री एकपर्यंत दोघं बोलत होते. तिचा राग पूर्ण गेलाय असं मी म्हणणार नाही.

आता वाड्याचं. भाऊजी विचारणार नाहीत, पण त्यांच्या मनात येईल आणि येणं साहजिक आहे. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे ह्यांच्या हिश्शाला तुम्ही, मी आणि लेक अशा तिघी सारख्या वारस आहोत, आणि पुन्हा लग्न केलं म्हणून माझा वाटा जात नाही. १८५६च्या विधवा पुनर्विवाह कायद्यात तो जायचा. लग्न करणारी बाई जणू मेलीच असं धरून तिचा वाटा पुढच्या वारसांना मिळायचा. ते वाचल्यावर मी बराच वेळ तशीच बसून राहिले. माझा वाटा मी लेकीच्या नावे करतेय, आणि तुम्ही आहात तोवर त्या वाड्याची एक वीटही हलणार नाही. हे भाऊजींना मी वेगळं लिहून देईन.

इथे लग्नाआधी निदान एक महिना नोटीस द्यावी लागते, आणि आधीचा जोडीदार गेल्याचा पुरावा दाखवावा लागतो. मागच्या महिन्यात आम्ही गेलो. मी नागपूर महानगरपालिकेचा मृत्यूचा दाखला काढून टेबलावर ठेवला, त्यांनी शेजारी तिचा ठेवला. ह्यांचं नाव मराठीत वाचलं आणि माझा हात चालेना. ते काही बोलले नाहीत. दोन्ही कागद उचलून घडी घातली आणि आम्ही घरी आलो. सही अजून केलेली नाही. ती तुमचं उत्तर आल्यावर.

तुम्ही रागावलात तर रागवा, पण ते मला कळवा. गप्प राहू नका. माझी सून म्हणून ओळख करून देणं तुम्हाला पुढे अवघड वाटलं तर तेही स्पष्ट सांगा. मला मात्र तुम्हाला दुसरं काही म्हणता येणार नाही.

डिसेंबरमध्ये मी येतेय, आंबिया बहाराची संत्री असतील तेव्हा. तुम्ही हो म्हणालात तर ते सोबत येतील आणि बैठकीत झोपतील. नाही म्हणालात तर मी एकटी येईन. काहीही झालं तरी निळी शाल मात्र आणतेय. तिचा एक कोपरा उसवलाय, आणि ती वीण आता तुमच्याशिवाय कोणालाच येत नाही.

तुमची,
थोरली सून